जीपचं पिण्याचं पाणी

१२ फेब्रुवारी १९७३

जीपने आज पुन्हा वाफ सोडली! काष्टीच्या बाजारातून येताना, भर रस्त्यात, पुढच्या जाळीतून — रागावलेल्या बैलासारखी. लोक बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून बघत उभे राहिले.

दानीएलने लिलावातून ही जुनी लष्करी जीप आणली, तेव्हापासून आम्ही घरात तिघं आहोत. तो मिशनच्या शाळेचा हेडमास्तर, मी खालच्या वर्गांची बाई, आणि ही. (तोंडावर 'अहो', इथे दानीएल. वही कुणाला सांगणार आहे!)

"विहिरीचं पाणी खारट, मेरी. रेडिएटरमध्ये थर धरतो. तिला गोडं पाणी पाहिजे."

म्हटलं, मलाही पाहिजे.

१५ फेब्रुवारी

टँकर आला. भांडून दोन हंडे मिळवले. एक जीपला गेला! चहा मचूळ. दानीएल म्हणतो, काही फरक लागत नाही. अर्धा कप मात्र तसाच ठेवला.

१९ फेब्रुवारी

शेजारच्या गोजरबाई कुंपणावरून — "मास्तरीणबाई, गाडीला पथ्य हाय व्हय?"

म्हटलं, हो, खारट चालत नाही.

"आमच्या म्हाताऱ्यालाबी न्हाई चालत. पर त्यो गपगुमान पितो."

२४ फेब्रुवारी

दानीएल नगरला जाऊन आला. एस.टी.ने! गाडीला घालायचं पाणी शोधायला, गाडी घरी ठेवून.

लष्कराच्या गाड्यांत म्हणे हिरवं पाणी असतं, ते उकळत नाही. हा थेट छावणीच्या फाटकावर. पहारेकऱ्याने सांगितलं, ते बर्फाच्या मुलखात गाडी गोठू नये म्हणून. इथे काय गोठतंय?

जेवायला बसला. मग म्हणाला, "आपल्याकडे बर्फ पडत नाही, मेरी." — जणू कुणीतरी मुद्दाम अडवून धरलाय.

२ मार्च

हिरवं नाही, तर पांढरं! एका लेथवाल्याने सांगितलं, लोखंड कापताना पाण्यात जे तेल मिसळतात ते चमचाभर घाला, आत गंज धरत नाही. दानीएलने बाटली आणली. तेल पडलं आणि बादलीतलं पाणी दुधासारखं पांढरंशुभ्र!

चमचाभर म्हणजे केवढा चमचा, यावर बराच विचार करून त्याने अर्धी बाटली ओतली. "जुनी गाडी आहे. तिला जास्त लागेल."

३ मार्च

व्हायचं तेच झालं. ओतताना गोजरबाईंनी पाहिलं. दुपारपर्यंत गावभर — मास्तर गाडीला दूध पाजतो! गुरं चारा छावणीत, लेकरांना पावडरीचं दूध मिळायची मारामार, आणि मास्तर गाडीला...

संध्याकाळी सरपंच रंगनाथराव स्वतः आले. बादलीत बोट बुडवलं. वास घेतला. पुन्हा घेतला.

"म्हशीचं न्हाई," म्हणाले. आणि गेले.

९ मार्च

हसू की रडू! दुष्काळी कामावरच्या रस्त्याने येत होतो. खडी फोडणाऱ्या बायांसमोरच जीप उकळली. झाकण उडालं — आणि पांढरं कारंजं!

कामावरची छबूबाई ओरडली, "गाडी पान्हावली गं!"

बाया हातोड्या टाकून धावल्या. एकीने कनवटीचं हळदकुंकू काढून बॉनेटला लावलं. दोघीतिघींनी तांबे पुढे केले. दानीएल हात नाचवत ओरडतोय, "पिऊ नका! तेल आहे तेल!"

मागून एक म्हातारी — "द्यायचं न्हाई म्हनून वरडतोय मेला."

तांबे हिसकावून मीच उपडे केले. घरी येईपर्यंत शिव्या कानात होत्या.

१० मार्च

बॉनेटवरचं हळदकुंकू निघत नाही, असं दानीएल म्हणतो. पुसताना तरी दिसला नाही.

११ मार्च, रविवार

पाळकसाहेबांनी आज उपदेश घेतला सोन्याच्या वासरावर — देवाला सोडून वासराची पूजा करणाऱ्यांची बायबलातली गोष्ट. सगळी मंडळी आमच्या बाकाकडे बघत होती.

२० मार्च

फार दमलेय. तरी लिहिते.

गोजरबाईंची सून चांगुणा कालपासून अडलेली. सुईणीने सकाळी हात टेकले — नगरला न्या. गाडी गावात एकच. गोजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दानीएल बुटाची नाडीसुद्धा न बांधता धावला.

श्रीगोंद्याच्या पुढे चढावर वाफ! दानीएलने घाईत झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी दोन्ही हातांवर आलं. असा ओरडला! मागे चांगुणाही ओरडतेय. कुणाकडे बघू?

रस्त्याकडेला तिथेही दुष्काळी काम चाललेलं. आमचं नावगाव ठाऊक नसलेल्या बाया. त्यांनी चांगुणाला पाहिलं आणि सावलीतले माठ उचलून आणले. मुकादम मध्ये पडला, "आगं, दिवसभर पिनार काय?"

एक उंच बाई म्हणाली, "आमी थांबू. ती अडलेली थांबती व्हय?"

स्वतःचं प्यायचं पाणी त्यांनी रेडिएटरमध्ये ओतलं. त्या पाण्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. उरल्यासुरल्यात पदर भिजवून एकीने दानीएलच्या हातांना गुंडाळला — फाडून!

मग प्रश्न, चालवणार कोण? दानीएल माझ्याकडे बघायला लागला.

"डावा पाय क्लच, मेरी. दाब. आता हळू सोड. हळू! हळू म्हटलं ना!"

जीपने उडी मारली. गोजरबाई मागून — "खंडोबा, येशूबाप्पा, जो जवळ आसंल त्यो या!"

दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. कोंबड्या, सायकलवाले, एक वऱ्हाड — सगळे आपणहून बाजूला झाले. दवाखान्याच्या आवारात ब्रेक सापडेना, तेव्हा कडुलिंबाला टेकवून थांबवली.

चांगुणाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. दानीएलच्या दोन्ही हातांना पट्ट्या. मी बाहेरच्या पायरीवर बसून खूप रडले. का, ते कळलं नाही.

२३ मार्च

मेकॅनिकने रेडिएटर खोलला. आत चुन्याची भिंत! सोड्याने धुतला. पथ्य सांगितलं — पाणी उकळून, गाळून घाला. तेल चहाच्या चमच्याने एक.

दानीएलने विचारलंच, "आणि ते हिरवं?"

मी त्याला ओढत बाहेर आणला.

१४ एप्रिल

दानीएलच्या पट्ट्या सुटल्या. बोटं नीट वळतात, देवाची कृपा. चांगुणाच्या मुलीला डॉक्टरांना दाखवायचं म्हणून सकाळीच ऐटीत स्टिअरिंगवर जाऊन बसला. चांगुणा लेकीला घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. गोजरबाईंच्या कानात काही बोलली.

"मास्तर, राग मानू नका," गोजरबाई म्हणाल्या. "ती म्हनती, बाई चालवनार आसंल तर बसते."

दानीएलने माझ्याकडे पाहिलं. मग पलीकडे सरकला.