राजीनाम्याचे पेढे

॥ खंडोबा पाठीशी ॥

उस्मानाबाद,
मंगळवार, ता. १२ डिसेंबर १९६१

तीर्थरूप दाजी यांना,

बलभीमचा पाया पडून नमस्कार. म्हाळसाआक्कालाही माझा नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा थंडीत जास्तच धरतो असं मागच्या पत्रात होतं. त्याला बिब्ब्याचं तेल लावता की नाही? (लावू नका. इथं शेजारच्या एकानं लावलं. दुखणं राहिलं आणि कातडं गेलं.) इकडची खुशाली विचाराल तर मी, विमल आणि गाडी असे तिघंही रोज सकाळी अर्धा तास खोकतो. आम्हा दोघांना काढ्यानं आराम पडतो. गाडीला काढा पाजता येत नाही, म्हणून हँडल मारावं लागतं. एवढं सोडलं तर सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही माझ्यासाठी उमरग्याच्या कल्याणप्पांकडं शब्द टाकलात हे उपकार मी विसरणार नाही. चार कोऱ्या करकरीत गाड्या, सेल्फ मारला की सुरू, ड्रायव्हरला खाकी कोट, कोटाला पितळी बिल्ला आणि पगार एक तारखेला. (इथं पगार चंद्र दिसला की, तोही आभाळात ढग नसतील तर.) येत्या सोमवारी, अठरा तारखेला, हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला, हेही लक्षात आहे. विमलनं तर महिन्यापासून ट्रंक भरून ठेवली आहे आणि पाटा-वरवंटा पोत्यात बांधला आहे, त्यामुळं आमच्याकडं महिनाभर चटणी नाही. आता नीट टेकून बसा. मी राजीनामा दिला. शुक्रवारी दिला. त्याचे पेढेही वाटून झाले. आणि तेव्हापासून मी पहिल्यापेक्षा जास्त अडकलो आहे.

आमचे मालक हैदरसाहेब तुम्ही एकदाच पाहिलेत, माझ्या लग्नात. वऱ्हाड त्यांच्याच गाडीतून आलं होतं आणि वाटेत ती ढकलायला पहिला हात तुम्हीच लावला होता. मी बैलगाडी हाकणारा गडी. त्यांनी मला स्टेअरिंगवर बसवलं तेव्हा मी ब्रेक दाबायचा सोडून तोंडानं "होऽ होऽ" म्हणत होतो आणि गाडी सरळ कडब्याच्या गंजीत गेली होती. ते ओरडले नाहीत. म्हणाले, बैलं ऐकत होती, ही पण ऐकेल. त्याला चौदा वर्षं झाली, ती अजून ऐकत नाही. तेव्हा भाड्यानं चालणाऱ्या तीन गाड्या होत्या. एक गडबडीच्या साली, पोलीस ॲक्शनच्या वेळी, गेली, दुसरी तिसरीला सुटे भाग पुरवता पुरवता संपली, आणि तिसरीत मी बसतो. तिच्या पहिल्या गिअरचे दाते पार झिजलेत. चढ आला की गाडी वळवायची आणि रिव्हर्समध्ये उलटी वर चढवायची, कारण तो गिअर फारसा वापरात नसल्यानं तेवढाच धडधाकट उरला आहे. सवारीला चढभर आपण निघालो तेच गाव समोर दिसत राहतं. त्यात एस.टी. आली. वेळेवर सुटणारी आणि वेळेवर पोचणारी गाडी मिळाल्यावर माणूस आमच्याकडं कशाला येईल? (मी स्वतः सासुरवाडीला एस.टी.नं जातो.) साहेबांचा मुलगा सादिक हैदराबादेत नोकरीला आहे. ईदेला त्याचं कार्ड येतं. घरात साहेब, त्यांच्या बीबी कुलसुमबी आणि सादिकची जुनी सायकल.

दसऱ्यापासून साहेबांनी एकच धोशा लावला होता. बलभीम, अर्धी गाडी तुझ्या नावावर करतो, तू फक्त राजी हो. मी हूं म्हणायचो आणि चाक पुसायला लागायचो. असल्या गाडीचा अर्धा वाटा म्हणजे अर्धा खोकला. तुमचं पत्र आल्यावर मी ठरवलं की स्पष्ट सांगून मोकळं व्हायचं. पहिल्यांदा सांगायला तोंड उघडलं तर साहेबांनी त्यात पान घातलं. दुसऱ्या खेपेला मी जरा लांबून सुरुवात केली की साहेब, माणसाला कधीतरी जावंच लागतं. तर त्यांना वाटलं मी त्यांच्या वयाविषयी बोलतोय. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "हौ बाबा, सब को जाना है." आणि मग त्यांच्यामागं कुलसुमबींचं कसं होईल यावर तासभर बोलले. मी मान हलवत राहिलो. तेव्हा मला समजलं की हे काम तोंडानं होणारं नाही, कागदानंच होईल.

मला पत्र लिहिता येतं, अर्ज लिहिता येत नाही. म्हणून नारायणराव मास्तरांकडं गेलो. कचेऱ्यांचा कारभार मराठीत झाल्यापासून साहेबही संध्याकाळी त्यांच्याकडंच मराठी शिकायला जातात. (अजून जोडाक्षरात अडखळतात.) मास्तरांनी वर ठळक अक्षरात 'राजीनामा' असं लिहिलं, त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मजकूर घातला: "मी खाली सही करणार बलभीम, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण विचारांती हा राजीनामा देत आहे. यापुढे मला आपल्या नोकरीतून मुक्त समजावे. आजवरच्या लोभाबद्दल जन्माचा ऋणी आहे." वाचून मलाच गहिवरून आलं. असा माणूस नोकरी सोडतोय याचं वाईट वाटलं.

शुक्रवारी साहेब नमाजहून आले तेव्हा कागद त्यांच्या हातावर ठेवला आणि जमिनीकडं बघत उभा राहिलो. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून वरचं ठळक अक्षर वाचलं आणि थांबले. बराच वेळ थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला, मग खालचं वाचलं. आणि उठून मला मिठी मारली. "राजी झाला माझा बलभीम! कुलसुम, ऐकलंस का? लेखी देऊन राजी झाला!" दाजी, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. साहेब निजामाच्या अमदानीत अदालतीत कारकून होते. तिथं वादी-प्रतिवादी भांडून दमले, त्यांची समजूत पटली की दोघं ज्या कागदावर सही करत त्याला राजीनामा म्हणायचे. आम्ही मराठीत ज्याला राजीनामा म्हणतो त्याला उर्दूत इस्तिफा म्हणतात. एकच शब्द, आमच्याकडं त्यानं माणूस जातो, त्यांच्याकडं राहतो. मी चाचरत म्हणालो, साहेब, ते खाली नोकरीतून मुक्त असं लिहिलंय. म्हणाले, "बराबर लिहिलंय! मालक झालेला माणूस नोकर कसा ऱ्हाईल?" स्वखुशीनं, दबावाशिवाय, पूर्ण विचारांती, हे सगळं अदालतीतल्या कागदावर असतं तसंच निघालं. मास्तरांच्या मराठीनं माझा गळा चांगला आवळला.

पेढे आले, शेजारपाजाऱ्यांत वाटले. मी दोन खाल्ले. (नाही म्हणून कसं चालेल? माझेच होते.) शनिवारी पेंटर आला आणि शेडवरच्या पाटीवर 'हैदर'च्या पुढं 'बलभीम' घालून गेला. नाव मावेना म्हणून 'म' टॅक्सीच्या चित्रावर चढला आहे, तो टपावर बांधलेल्या गाठोड्यासारखा दिसतो. कुलसुमबी शेवयांचं ताट घेऊन आमच्या घरी आल्या आणि विमलला 'मालकीणबाई' म्हणाल्या. विमलनं ताट घेतलं, पदरानं झाकलं आणि बंद ट्रंकेवर ठेवलं, कारण दुसरं काही बाहेर उरलेलं नाही. त्या गेल्यावर माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मालक, आता लाकडं फोडा." तेव्हापासून ती बोललेली नाही.

रविवारी भागीदारीतली पहिली सवारी मिळाली. लातूरकडचं एक जोडपं येडशी स्टेशनवर उतरलं, त्यांना रामलिंगाचं दर्शन करून परत आणायचं होतं. साहेब शेरवानी घालून पुढं माझ्या शेजारी बसले. वाटेत मी विचारलं की अर्धी गाडी म्हणजे माझी अर्धी कोणती? ते खुशीत म्हणाले, इंजिन तुझं, सवारी माझी. दर्शन झालं. परतीच्या चढाला मी नेमाप्रमाणं गाडी वळवून उलटी घातली. ती बाई देवळाकडं तोंड करून हात जोडून बसली, त्यामुळं तिला दोनदा दर्शन घडलं. वरती सडकेला लागलो आणि इंजिन बंद पडलं. पाठोपाठ एस.टी. आली. जोडप्यानं हात केला आणि ते निघून गेले. जाताना तो गृहस्थ म्हणाला, गाडी चांगली आहे, जपून ठेवा. म्हणजे माझा हिस्सा थंड पडला आणि साहेबांचा एस.टी.नं गेला.

मी खाली उतरून ढकलायला लागलो, तर मागं साहेबही. शेरवानीच्या बाह्या वर सरकवलेल्या, वय अडुसष्ट, पायात पंपशू. मी म्हणालो, साहेब, तुम्ही आत बसा. म्हणाले, "अरे, भागीदार है. मी बसून कसं चालेल?" दोघांनी मिळून गाडी एका बाभळीखाली लावली आणि दगडावर बसलो. तिथं सांगून टाकायचं होतं. तोंडाशी शब्द आला होता. पण त्यांना धाप लागली होती आणि धाप लागलेल्या माणसाला सोडून जातो म्हणून सांगायचं धाडस मला झालं नाही. दाजी, त्या दगडावर मला लई उदास वाटलं. चाळिशी आली, घरसामान बांधून ठेवलेलं, नोकरी सोडलेली, दुसरी धरलेली नाही आणि नावावर काय, तर थंड इंजिन.

तरी तुम्ही काळजी करू नये. दिलेला शब्द मी मोडणार नाही. उद्या सकाळी साहेबांना उर्दूत सांगणार आहे. इस्तिफा, इस्तिफा, असं दोन दिवस मनात घोकतो आहे. सोमवारी उमरग्याला हजर होतो, कल्याणप्पांना तसं कळवावं. आक्काच्या हातची चटणी तयार ठेवायला सांगा, आमच्या तोंडाची चव गेली आहे.

तुमच्या शब्दाला जागू पाहणारा,
बलभीम

ता. क. पाकिटाला खळ लावत होतो एवढ्यात नारायणराव मास्तर आले. ते शनिवारपासून लेकीकडं भूमला होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. पाटीवर माझं नाव बघून चक्रावून विचारायला आले. मी सगळी कहाणी सांगितली. ती ऐकून त्यांनी पिशवीतून तपासायला आणलेली साहेबांची वही काढली. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात साहेबांनी त्यांना विचारलं होतं की नोकर सोडून जाताना जो कागद देतो, त्याला तुमच्यात काय म्हणतात? मास्तरांनी शब्द सांगितला. साहेब खूप वेळ हसले म्हणे, आणि म्हणाले, तुमची भाषा भली आहे मास्तर, जाणाऱ्यालाही राजी म्हणते. मग तोच शब्द त्यांनी वहीत दहा वेळा गिरवला. मी पाहिला. एकाही जोडाक्षरात अडखळलेले नाहीत, कारण त्या शब्दात जोडाक्षरच नाही. म्हणजे शुक्रवारी ते थांबले होते ते वाचता येईना म्हणून नव्हे. दाजी, मला राग यायला पाहिजे होता. रडू आलं, विमलदेखत आलं. 'साहेब, तसं नाही' एवढे तीन शब्द मी बोललो असतो तर त्यांनी मला तिथंच सोडलं असतं. चार दिवस झाले, मी बोललोच नाही. पेढे मात्र खाल्ले.

ता. क. दुसरा. कल्याणप्पांच्या शेडमागं त्यांची पहिली गाडी गंजत पडली आहे, ती आमच्याच जातीची आहे. तिच्या पहिल्या गिअरचं दातेरी चाक शाबूत असेल तर मागून घ्यावं आणि कुणाबरोबर तरी पाठवून द्यावं. चढाला सवारीला एकदा तरी समोर बघता यावं अशी इच्छा आहे. खाकी कोट शिवायला टाकला असेल तर तुम्हाला होतो का बघा. विमलनं हे दोन्ही ता. क. माझ्या खांद्यावरून वाचले आणि न बोलता पोतं सोडलं. आत्ता पाट्यावर काहीतरी वाटते आहे, लसणाचा वास येतो आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलेला, तो खोटा पडू नये याचा मी फार विचार केला. कल्याणप्पांनी विचारलं तर त्यांना खुशाल सांगा की बलभीमनं राजीनामा दिला. त्यात खोटं काहीच नाही. फक्त ते उर्दूत सांगा.