दोन डावे पंख

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच गोड मानून घे. माझे गुडघे एकदा जमिनीला टेकले की उठवायला माणूस बोलवावा लागतो.) तुझी तब्येत विचारत नाही, तू 'ठीक' म्हणणार, आणि खरं काय ते मला वहिनीकडून आधीच कळलेलं असतं. आम्ही इकडे मजेत. म्हणजे परवापर्यंत होतो.

झालं असं, की माळा आवरताना आपला तो लाकडी विमान बांधायच्या सामानाचा खोका सापडला. तू नोकरीला बाहेरगावी गेलास आणि तो न फोडताच राहिला होता, आठवतं? उघडला तर बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या जशाच्या तशा, फुंकर मारली तर उडतील इतक्या हलक्या. तो वास आला आणि एकदम आपलं जेवणाचं टेबल दिसलं. उजव्या टोकाला तू, डाव्या टोकाला मी, मध्ये गोंदाची ट्यूब, आणि ताटं घेऊन ताटकळलेली आई, 'विमानं उचला, नाहीतर उपाशीच उडा' म्हणत. दादा, खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. (माळ्यावर धूळही होती. पण ते पाणी धुळीचं नव्हतं.)

मग काय, आली लहर केला कहर! ह्यांना सांगितलं, टेबल आता माझं, तुम्ही ताट मांडीवर घ्या. टेबलावर पाट ठेवून त्यावर विमानाचा नकाशा पसरला, वर मेणकागद घातला, टाचण्या टोचल्या आणि पंखाची एकेक बरगडी कापून, घासून, चिकटवत गेले. (एक बरगडी ह्यांनी दात कोरायला नेली. त्यावर मी काही बोलणार नाही, बोलून झालंय.) पहिला पंख असा झाला की बघत राहावं. दुसरा त्याहून सुबक. मोठ्या तोऱ्यात दोन्ही शेजारी मांडले, तर हे चष्मा पुसून म्हणतात, "दोन्ही डावेच आहेत ना गं?"

खरंच की रे! जोडून पाहिले तर एकाचं तोंड पुढे, दुसऱ्याचं मागे, अगदी आईबाबा बाजाराला निघायचे तसे. मग डोक्यात प्रकाश पडला. नकाशात पंख एकच छापलेला असतो, डावा. उजव्यासाठी तू आईच्या बरणीतलं तेल चोरून कागदाला फासायचास, रेघा आरपार दिसायला लागल्या की कागद उलटा करायचास, आणि त्यावर उजवा बांधायचास. मी उभ्या जन्मात उजवा पंख केलेलाच नाही. आपला डावा झाला की उजवा कुठूनतरी होतोच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

असो, पत्र फार लांबलं. वहिनीला नमस्कार.

तुझी, डाव्या बाजूची,
धाकटी

ता. क. वहिनी सांगत होती, मनगटाचं प्लास्टर निघाल्यापासून हात थरथरतो, म्हणून तू कशालाच हात लावत नाहीस; हा हात आता कामाचा नाही म्हणतोस आणि दिवसभर खुर्चीत बसून राहतोस. थरथरू दे की. टाचण्या मी धरते.

ता. क. २. कागदाला तेल लावून ठेवलंय. उलटा केलेला नाही. ते तुझं काम. रविवारी ये. नाही आलास तर मी तिसरा डावा पंख करायला घेईन, आणि मला तू ओळखतोस.