तीनशे बारा हरकती

हिवरवाडी, जि. जालना
६ जानेवारी २०२५

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला आता अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुझी आई तिच्या मनानं सांगते, म्हणून कागदच बरा.

सळयांच्या कारखान्यांनी वस्तीपासून पाचशे मीटर लांब राहायचं, हा नियम दोनशेवर आणणार आहेत. मसुदा निघालाय, हरकतींना तीस दिवस. तसं झालं तर त्यांची नवी भट्टी गावाबाहेरच्या शाळेच्या कुंपणाला येऊन भिडते. एमआयडीसीकडचा वारा सुटला की आईला आत्ताच रात्र बसून काढावी लागते. डॉक्टर म्हणाले, धूर जवळ आला तर यांना इथे ठेवू नका. ती म्हणते, घर सोडून मी कुठं जाणार न्हाई.

गावात म्हणतात, मास्तरांची तृप्ती मुंबईत कायदे बनवते, मंग काळजी कशाची? मीही मान डोलावतो. जल्दी कळव.

पत्राची वाट बघणारा,
बाबा


मुंबई
१३ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मी कायदे बनवत नाही, बाबा. बनवणाऱ्यांच्या दाराबाहेर फाइल घेऊन बसते आणि आमच्या कंपनीला ज्यांनी नेमलं त्यांचं म्हणणं आत पोचवते. या वेळी नेमणारे कारखानदार आहेत. माझं गाव आहे, फाइल दुसऱ्याला द्या, असं साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, म्हणूनच तर तुला दिली.

सोबत हरकतीचा नमुना आहे. जितक्या जास्त लोकांच्या हरकती जातील तितकं बरं. माझं नाव कुठे येऊ देऊ नका. घाईत आहे. आईला वाफ घ्यायला लावा. तुमचा मास्तरकीचा धाक तिच्यावर चालत नाही, तरीही.

माया असू द्या.
तुमची तृप्ती


हिवरवाडी
३ फेब्रुवारी

चि. तृप्तीस आशीर्वाद.

फत्ते! तीनशे बारा हरकती काल टपालात टाकल्या. सोनूबाईला आपल्या म्हशीच्या दुधावर बसणाऱ्या काजळीचं लिहायचं होतं, पुंजारामला चार शिव्या घालायच्या होत्या. मी म्हटलं, सरकारी कागद आहे, बराबर पाहिजे. तीन दिवस शाळेच्या ओट्यावर बसवून सगळ्यांना तुझा मजकूर सांगितला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा मी लिहिला. तीनशे बारा कागदांत एका शब्दाचा फरक सापडणार नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकं सुंदर शुद्धलेखन उतरलं नव्हतं.

आईनं तुझ्यासाठी करडईचं तेल काढून ठेवलंय.

सुखी राहा.
बाबा


मुंबई
२१ मार्च

ती. बाबांस सा. न.

हे पत्र तीनदा फाडलं. नियम दोनशेचा झाला.

सारख्या मजकुराचे अर्ज कितीही आले तरी एकच हरकत धरतात. हे मला ठाऊक होतं, बाबा. कारखानदारांची छत्तीस निवेदनं मीच लिहिली, प्रत्येकाची भाषा वेगळी, अडचण वेगळी. आमचं कामच ते आहे. तुम्हाला मात्र एकच नमुना पाठवला आणि प्रत्येकाला आपापलं लिहू द्या, ही एक ओळ लिहायची राहिली.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी विचारलं, हिवरवाडीच्या हरकती किती? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. गठ्ठा समोर होता, वरच्या कागदावर तुमचं अक्षर. मी म्हणाले, एक.

राजीनामा लिहून ठेवलाय. पण मी उठले तर त्या खुर्चीत दुसरं कोणी बसेल आणि भट्टी तिथेच येईल. मला काही सुचत नाही. आईला मुंबईला आणा, एवढंच म्हणते. रागवा, पण लिहा.

तृप्ती


हिवरवाडी
३० मार्च

चि. तृप्तीस आशीर्वाद.

रागावू कुणावर? कागद मी सांगून लिहून घेतले. सोनूबाईला गप्प मी बसवलं. लोक रोज ओट्यावर येऊन निकाल विचारतात आणि मी म्हणतो, अजून आला नाही. शाळेमागे परवापासून जेसीबी लागलाय, तरी विचारतात.

आई मुंबईला यायला तयार नाही. तुझं पत्र मी तिला नेहमीसारखं वाचून दाखवलं, मधलं गाळून. तिनं एकच विचारलं, आपल्या तृप्तीचं तिथं कुणी ऐकतं का.

मी म्हणालो, ऐकतात.

आमची आठवण ठेव.
बाबा