सूट दिलेलं मशीन

सोमवार
नवी नोकरी, आणि मन प्रसन्न आहे. माझी थोरली बहीण इथे स्वागतकक्षात बसते. ताईने शब्द टाकला म्हणून जमलं, हे विसरायचं नाही. सर्व्हरची खोली गार, स्वच्छ, खुर्चीही माझ्या मापाची. पहिलं काम फायरवॉलवर वेब फिल्टर लावायचं, म्हणजे ऑफिसात कोणत्या साइट उघडतील ते ठरवायचं. जुगार बंद, अश्लील बंद. हिशेबनीस म्हणाले, खेळांचे स्कोअर बंद केलेत तर डबा एकट्याने खावा लागेल. चालू ठेवले. हा शहाणपणा की मिंधेपणा?

मंगळवार
जुगार, खेळ असा कोणताच वर्ग न ठरलेल्या साइटमध्ये एक पत्ता सापडला. ऑफिसातलं प्रत्येक मशीन रोज थोडा वेळ तिथे जातं. वर्ग ठरवायचा तर बघायला हवं, म्हणून उघडला. एक तोंड. नुसतं तोंड, अगदी जवळून, काहीतरी चावणारं. दातांच्या फटीत केस, हिरड्यांवर पिवळट साय, आणि तो ओला मचमच आवाज. शिसारी आली. डबा तसाच परत नेला.
सगळ्यांसाठी बंद केला. बंदी नीट चालते का ते तपासायला एका मशीनला सूट ठेवतात. ती माझ्या मशीनला ठेवली.

बुधवार
हिशेबनिसांचा चेहरा आज धुतल्यासारखा ताजा. खालच्या मजल्यावर हसणं-खिदळणं. ताई मात्र भडकली. म्हणाली, अरे शहाण्या, इथे जो तो रोज घासभर बघतो, तोंड वाकडं करतो आणि कामाला लागतो. वाटून घेतलं की पचतं. आता ते सगळं कुठे जाणार? मी हसण्यावारी नेलं.
दुपारी ते पान माझ्या मशीनवर आपोआप उघडलं. तोंड पडदाभर झालं होतं.

गुरुवार
सूट काढली. मशीन बंद केलं, वायर उपटली. मचमच थांबेना. जीभ दातांवरून फिरवली तर काहीतरी लांबट लागलं. ओढलं, तर घशातून येतच राहिलं. ओला केस. बेसिनमध्ये ओकलो. जे पडलं ते मी कधी खाल्लेलं नव्हतं.
ताई म्हणते, बंदी उठव. ज्याचा घास त्याला जाईल, तू सुटशील. पण जाणूनबुजून एवढ्या माणसांच्या तोंडी हे घालायचं? तिच्याही? नाही. हे तत्त्व आहे की नुसता हट्ट, कळत नाही.

शुक्रवार
हिरड्यांवर साय. खरवडली, पुन्हा धरली. पाणीसुद्धा नासल्यासारखं लागतं. जबडा थांबत नाही. तोंडात काही नसताना चावतोय —

शनिवार
हरलो. सर्व्हरवरून उठवतो बंदी. बोट बटणावर — खाली कुणीतरी हसलं — नाही होत.
ताई आली. दार लावून घेतलं. सरक म्हणाली. सगळ्यांना द्यायचं नाही ना, मग अर्धं मला दे, माझ्या मशीनला सूट दे. लहानपणी तुझं कडू औषध अर्धं कोण प्यायचं, म्हणते. नाही म्हणालो. तिने स्वतःच कीबोर्ड — हात धरला, तिने झटकला — तिच्या मशीनचा नंबर —
आवाज निम्मा झाला. माझ्या तोंडातला.
ताईचे ओठ घट्ट मिटलेत. तिचा गाल हल —