श्रीखंडाच्या जास्तीच्या डब्याबाबत

प्रति,
मा. मोहीमप्रमुख,
ध्रुवीय संशोधन नौका 'हिमदर्शी',
मुक्काम दक्षिण महासागर.

अर्जदार : देवमन शालिकराम अढाऊ, मुख्य आचारी,
रा. हिवरखेड, ता. तेल्हारा, जि. अकोला.

विषय : स्वयंपाकघराच्या फ्रीझरमध्ये पेंग्विनची ओकारी ठेवल्याबाबत व त्यापायी मलाच नोटीस मिळाल्याबाबत.

संदर्भ : आपली दि. १४ जानेवारी २०२६ ची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

सविनय कळवितो की, या बोटीवर मी बेचाळीस माणसांचे जेवण रांधतो. निघताना माझ्या आईने, पार्वताबाईने, लाल मिरचीचा ठेचा श्रीखंडाच्या बारा रिकाम्या डब्यांत भरून दिला. ते डबे मी स्वयंपाकघराच्या फ्रीझरमध्ये ठेवले होते.

पहिला डबा संपला तेव्हा संशोधक आकांक्षाताई म्हणाल्या, "देवमनभाऊ, तो डबा फेकू नका, मले द्या." त्या अमरावतीच्या. चांगला डबा आमच्याकडे कोणी फेकत नाही, म्हणून मी घासूनपुसून दिला. त्यात त्यांनी, पेंग्विन काय खातात ते तपासायला, पेंग्विनला ओकायला लावून निघालेला लाल चोथा भरला आणि प्रयोगशाळेचा फ्रीझर बिघडल्यामुळे माझ्या ठेच्याला खेटून ठेवला. विचारले नाही, चिठ्ठी लावली नाही. पुढे मी मोजले, तर अकराऐवजी बारा डबे भरले. आईने नेहमीप्रमाणे एक जास्तीचा टाकला असेल, असे मी समजलो.

रविवारी, दि. ११ रोजी, त्या डब्यातला गोळा ठेचा समजून माझ्या हातून हरभऱ्याच्या रश्श्यात पडला. गोठलेल्याला वास येत नाही. पंगतीआधी चाखले की अन्न उष्टे होते, ही घरची शिकवण, म्हणून चाखलेही नाही.

सांगताना शिसारी येते, पण सांगतो. पक्ष्याची ओकारी बेचाळीस ताटांत गेली. लोकांनी पोळीने ताटे पुसून खाल्ली. आपण स्वतः तीनदा वाढून घेतले. सर्वांच्या शेवटी मीही जेवलो आणि मंगळवारी आकांक्षाताई डबा शोधत आल्यावर खरे कळले, तेव्हा रात्रभर बादलीवर वाकून होतो.

आपल्या नोटिशीत मात्र या घाणीविषयी एक अक्षर नाही. 'मौल्यवान नमुना नष्ट केला' म्हणून पुढच्या बंदरावर मला का उतरवू नये, एवढेच विचारले आहे. महोदय, नमुना मी नष्ट केलेला नाही. तो आपण सर्वांनी मिळून खाल्ला. वीस वर्षे मी लग्नाच्या पंगती सांभाळल्या. ओकारी वाढणारा आचारी म्हणून गावात तोंड दाखवणे मला जमणार नाही.

शिवाय कोणाला काही सांगू नये, असा आपला तोंडी हुकूम आहे. इंजिनावरचे गोपालभाऊ, बार्शीटाकळीचे, रोज विचारतात, "भाऊ, तो रस्सा काहून नाई करून राहिले?" मला रोज खोटे बोलावे लागते आणि त्याची मला लाज वाटते.

तरी नोटीस मागे घ्यावी, फ्रीझरला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे द्यावी आणि पंगतीत खरे सांगण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

परवानगी देता येत नसेल, तर उद्या पुन्हा रविवार आहे. मेसच्या वहीत आपण स्वतः लिहिले आहे, 'असाच रस्सा दर रविवारी व्हावा.' त्यात काय घालायचे, याचा लेखी आदेश आज संध्याकाळपर्यंत मिळावा.

आपल्या आदेशासाठी चूल थांबवून बसलेला, नम्र

(सही)
देवमन शालिकराम अढाऊ
दि. १७ जानेवारी २०२६

सोबत :
१. मेसच्या वहीतील पानाची नक्कल, आपल्या सहीसह.
२. रिकामा डबा, घासलेला.