चारही भिंतींवर रेषांच्या फळ्या

मी, मार्लिस त्वेत, वय छप्पन्न, राहणार नॉर्बी, मिनेसोटा, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवते. सोमवारी माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे. मरायचा बेत नाही, पण वकिलांना धीर नाही.

१. माझ्या पश्चात घर माझा नवरा ऑर्विल याचं. बाहेरच्या भिंतींवरच्या कुजलेल्या लाकडी फळ्या उतरवल्यापासून दोन हिवाळे ते ओल अडवणाऱ्या पांढऱ्या वेष्टणात उभं आहे, पोस्टाने परत आलेल्या पार्सलासारखं. नव्या सिमेंटच्या फळ्या मला गुळगुळीत हव्यात, त्याला लाकडाच्या रेषा उमटवलेल्या. त्या रेषा इतक्या खोल, की तसं झाड कुठल्याही जंगलात सापडायचं नाही.

२. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसायची खोपटी मुलगी सिग्ने हिला. मिरी दळायचं यंत्र नणंद डेल्फीन हिला. चर्चच्या जेवणात माझ्या चिमूटभर मिरपुडीच्या बटाट्यांना ती 'धाडसी' म्हणाली होती.

३. ऑर्विलने तीस वर्षं गावातली निम्मी घरं बाहेरून फळ्यांनी मढवली, सगळी गुळगुळीत. "रेषा म्हणजे कच्च्या कामावर पांघरूण," हे त्याचंच वाक्य. मग स्वतःच्याच घराला रेषा का, ते मला गेल्या आठवड्यात गॅरेजमध्ये कळलं. तो नमुन्याची गुळगुळीत फळी ठोकत होता. हातोडी खिळा सोडून फळीवर पडत होती. प्रत्येक खिळ्याशेजारी हातोडीचा वण.

"हल्ली खिळे धड येत नाहीत," तो म्हणाला.

"खिळेच खराब येतात," मी म्हणाले.

दुसऱ्या कारागिराला तो आपल्या भिंतीला हात लावू देणार नाही. म्हणून आज सकाळी मीच विषय काढला.

"अरे, रेषावाल्याच मागव."

"का गं? डॉक्टर काही बोलले का?"

"आवडायला लागल्यात."

"तुला?"

"लवकर मागव, नाहीतर मत बदलेन."

चिखलाचे बूट न काढताच तो फोनकडे धावला. मागची फरशी मी दुखऱ्या खुब्यानिशी पुसली. याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

४. कलम तीन ऑर्विलला वाचून दाखवू नये. त्याला 'आवडायला लागल्यात' एवढंच कारण पुरे.

५. भिंतीपासून दहा पावलांच्या आत उभं राहून फळ्यांचे सांधे तपासणाऱ्या नातेवाइकाला माझ्या मालमत्तेतलं काहीही मिळणार नाही. यात सिग्नेही आली.

वरील मजकूर माझा, शब्दही माझेच. सही दोघांच्या डोळ्यांदेखत केली.

मार्लिस त्वेत
साक्षीदार: हार्लन ओपेगार्ड, व्हर्ना क्विस्ट (दोघे शेजारी)
नॉर्बी, शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५