सासूबाईंच्या मापाची गाडी

ती. धोंडूदादास,

मुलुंडहून सुगंधाचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच केला आहे. गुडघे वाकत नाहीत, पण भाव पोचावा.) तुझा खोकला कसा आहे? वहिनीने पाठवलेली सोलं पोचली, फार छान आहेत. कोकमाच्या आगळाची बाटली मात्र वाटेत फुटली आणि कुरियरवाल्याच्या शर्टाला रंग लागला तो लागलाच. वहिनीला फक्त सोलांचं सांग. फोन करायचा सोडून पत्र का लिहिते म्हणशील, तर तू फोन आला की स्पीकरवर टाकतोस आणि माझ्या घरातली गोष्ट तुझ्या वाडीतल्या शेवटच्या घरात आमच्या आधी पोचते. तेव्हा हे पत्र चष्मा लावून, दार ओढून, एकट्याने वाच.

विषय आमच्या गाडीचा. तू तिच्यात बसला आहेस, पण ती तशी का झाली हे तुला कुणी सांगितलं नसेल, कारण सासरे असेपर्यंत तो विषय काढायची घरात बंदी होती. सासरे विक्रोळीच्या कारखान्यात फिटर. सासूबाईंना पाय खाली सोडून बसणं जमत नसे, मळमळायचं, मांडी घातली की सगळं ठीक. म्हणून सासऱ्यांनी भंगारातून मागून चेपलेली एक फियाट आणली, तिचा मागचा भाग कापला आणि तिथे पाव वाटणाऱ्या गाडीचा डबा जोडला. आत सीटच्या जागी सासूबाईंचा माहेरचा शिसवी चौरंग नटबोल्टांनी पक्का केला. उंचीचं मापही रीतसर घेतलं. सासूबाईंना मांडी घालून बसवलं आणि अंबाड्यापर्यंत टेप लावली. माप अगदी बरोबर होतं, फक्त ते घेताना सासूबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या चौरंगावर बसल्या ते मान पोटात घालून. कुणीही शहाण्या माणसाने चौरंगाचे पाय कापले असते. पण माहेरच्या चौरंगाला करवत लावू देतील त्या सासूबाई कसल्या! मग टप कापला आणि वर अर्धं पिंप उपडं घालून जोडलं.

त्या पिंपाने काय काय केलं ते विचारू नकोस. बाहेरून कळसासारखं दिसे आणि काचेआड सासूबाई मांडी घालून, कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर समोर. घाटकोपरच्या सिग्नलला लोक हात जोडायला लागले. एका बाईने खिडकीतून जास्वंदीचं फूल वाहिलं. सासूबाई आधी लाजल्या, मग रागावल्या, आणि महिन्याभराने मांडीवर साखरफुटाण्यांचा डबा घेऊन बसायला लागल्या. म्हणायच्या, "लोकांका रित्या हातान कसा पाठवूचा गो?" (हे सगळं मी गाडी चालवत असताना. सिग्नल हिरवा झालेला, मागे भोंगे वाजतायत आणि आमचा प्रसाद चालू.)

दादा, खरं सांगते, ह्या गाडीने माझं आयुष्य खाल्लं. चोक जास्त ओढला की पेट्रोल भरून बसणार, कमी ओढला की खोकत बसणार. थंडीत धक्का, उन्हात पाणी, पावसाळ्यात पिंपाच्या सांध्यातून थेट डोक्यावर धार. गिअर स्टिअरिंगच्या शेजारी, तोही दुसरा गिअर टाकताना तोंडाने काहीतरी बोलल्याशिवाय पडत नाही. (काय बोलावं लागतं ते पत्रात लिहिता येणार नाही.) आजूबाजूच्या बायका थंड हवेच्या गाड्यांतून माथेरान-महाबळेश्वर करून आल्या आणि मी मात्र नाक्यानाक्यावर बॉनेट उघडून फडकं हलवत उभी.

तरी सासूबाई गेल्यावरही इतकी वर्षं खपून गेलं. आता आमच्या जुन्या इमारतीच्या जागी टॉवर झाला आहे. तिथे गाड्या फडताळात भांडी ठेवावी तशा एकावर एक ठेवतात आणि आमचं पिंप कुठल्याच कप्प्यात मावत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी सुशांत (वय लहान, आवाज मोठा) ह्यांना म्हणाला, "काका, एक तर टप कापा, नाहीतर महिनाअखेर गाडी बाहेर काढा. रूल म्हणजे रूल ना यार!" ह्यांनी मग नामी युक्ती काढली. विक्रोळीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. तिथे एखादं प्रशस्तिपत्र मिळालं की सुशांत गप्प बसेल.

गेलो. मला नऊवारी नेसवून चौरंगावर बसवलं, का तर म्हणे गाडीचं वैशिष्ट्य कळायला हवं. तिथे संस्थानिकांच्या वगैरे गाड्या, आरशासारख्या चकचकीत. परीक्षक बाईंनी विचारलं, "कोणत्या कंपनीची? कोणत्या साली बांधलेली?" ह्यांनी प्रामाणिकपणे पुढचं, मागचं आणि वरचं अशी तीन निरनिराळी उत्तरं दिली. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि गाडी खाण्याच्या गाड्यांच्या बाजूला उभी करायला सांगितली. दोन मिनिटांत एक गृहस्थ खिडकीशी येऊन मला म्हणाले, "मावशी, दोन वडापाव, चटणी जास्त." मी नाही म्हणेपर्यंत त्यांच्यामागे रांग लागली. ती रांग बघून ठाण्याचा एक हॉटेलवाला धावत आला. "काका, झकास पीस आहे! चाकं काढतो, बाजूने खिडकी कापतो, आत कुल्फीचा फ्रीज. पब्लिक तुटून पडेल." आणि आमच्या ह्यांनी, दादा, चक्क मान डोलावली. येत्या शुक्रवारी तो गाडी न्यायला येतो आहे.

चला, सुटले एकदाची! आता मीही थंड हवेच्या गाडीतून फिरेन. तब्येतीला जप. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
सुगंधा

ता. क. : म्हशी विकल्यापासून तुझा मांगर रिकामाच आहे ना? दाराची उंची किती आहे? सहज विचारते.

ता. क. २ : सहज नाही. दादा, तिची चाकं काढलेली मला बघवणार नाही. लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात आमटीत मीठ किती घालायचं हेसुद्धा मला कुणी विचारत नव्हतं. ह्यांना गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून सासूबाईंनीच मला शिकायला लावलं, आणि चावी हातात दिल्यावर म्हणाल्या, "आता तू नेशीत थंय आमी येतलव." त्या घरात मला पहिल्यांदा कुणीतरी मोठं केलं ते असं. त्या माउलीची गाडी मी कुल्फीला देणार नाही. गुरुवारी पहाटे मी ती घेऊन तुझ्याकडे निघते आहे. ह्यांना सांगितलं आहे की बोरिवलीला जान्हवीकडे चालले. (आमच्या लेकीला खोटं बोलायला तयार करून ठेवली आहे.) मांगर झाडून ठेव आणि ह्यांचा फोन आला तर उचलू नकोस.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं ते फोडून लिहिते आहे. आत्ता जिन्याखाली ठेवलेली बादली आणायला गेले, तर हे गाडीखाली आडवे! बाजूला नवी बॅटरी, नवा पट्टा आणि गोणीभर पाने-पकडी. मला बघून असे दचकले की डोकं सायलेन्सरला आपटलं. हॉटेलवाल्याला ह्यांनी परवाच नकार कळवला होता आणि ड्रायव्हर ठरवून गाडी गुपचूप तुझ्याच मांगरात नेऊन ठेवायचा बेत होता. मला काय सांगणार होते, तर म्हणे गोवंडीला मित्राकडे सत्यनारायण आहे. मी विचारलं, "मग मान कशाला डोलावलीत हो?" कपाळ चोळत म्हणाले, "अगं, इतकी वर्षं तू तिला शिव्या घालतेस. मला वाटलं, तुला तरी सुटल्यासारखं वाटेल."

मी तिथेच बादलीवर बसून रडले. मग आम्ही दोघांनी मिळून पट्टा बसवला.

गुरुवारी दोघंही येतो आहोत. जेवायला थांबू नका, कशेडी घाटात काय होईल सांगता येत नाही.